नरसोबाच्या वाडीला जाताय? संध्याकाळी पोचा आणि शेजारतीपर्यंत थांबा

मिरजेची लेक

"मला एकदा पालखी ऐकायचीय," आई म्हणाली. बघायचीय नाही, ऐकायचीय.

माझं माहेर मिरजेचं. बाबांची नरसोबाच्या वाडीची पौर्णिमेची वारी होती. दुपारी ऑफिसातून परस्पर एसटी पकडायचे, रात्री तिथेच एखाद्या ओवरीत पडायचे आणि पहाटेची काकड आरती करून सकाळी घरी. आम्हा भावंडांना वाडी म्हणजे बाबांच्या पिशवीतले कंदी पेढे आणि कवठाची बर्फी, एवढंच ठाऊक. लग्नानंतर मीही तीन-चारदा गेले, पण कोल्हापूरला जाता जाता. गाडी लावली, हार-फुलं घेतली, रांगेत उभं राहिलो, पादुकांवर डोकं टेकवल्यासारखं केलं, बासुंदी खाल्ली आणि निघालो. तासाभरात सगळं उरकायचं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा आवराआवरी करताना आई हे बोलली आणि मला पहिल्यांदा कळलं, की वाडीपासून एवढ्या जवळ राहून चाळीस वर्षांत तिने रात्रीची पालखी कधीच अनुभवली नव्हती. दर पौर्णिमेला बाबा वाडीला आणि आई घरी, आमचा अभ्यास, आजीची औषधं, दुसऱ्या दिवशीचा डबा. बाबा पालखीची पदं घरी गुणगुणायचे, ती ऐकून ऐकून तिची पाठ झालेली. ज्या ठिकाणची पदं, ते ठिकाण मात्र तिने दिवसाउजेडीच पाहिलेलं.

म्हणून या पौषात तिला घेऊन मुद्दाम मुक्कामाला गेले. गुरुवार, शनिवार आणि पौर्णिमा टाळली. या दिवशी गर्दी फार असते आणि आईचे गुडघे आता रांगेचे राहिले नाहीत. मंगळवारी साडेचारला पोचलो, खोलीवर सामान टाकलं आणि उन्हं असतानाच घाट उतरायला लागलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाडीचं देऊळ उंचावर नाही, खाली आहे. गावातून पायऱ्या उतरत जायचं, मध्ये देऊळ लागतं, तिथून आणखी खाली पायऱ्या थेट कृष्णेत. औदुंबराखाली, नदीच्या कुशीत ते बसलेलं आहे. शिखर नाही, मोठा कळस नाही. गाभाऱ्यात मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत. वाकूनच दर्शन घ्यावं लागतं.

आईला सभामंडपात खांबाला टेकून बसवलं. अंधार पडला तशी माणसं जमू लागली आणि मला वेगळंच काही दिसलं. जमणारे बरेचसे गावातलेच होते. माझ्या शेजारी जे काका येऊन उभे राहिले, त्यांच्याच दुकानातून तासाभरापूर्वी आम्ही पेढे घेतले होते. दुकानावर मुलाला बसवून आले होते. हात धुतलेले, तरी खव्याचा वास होता हाताला. त्यांनी आईकडे बघितलं, काही न विचारता स्वतःचं उपरणं काढून चौपदरी घडी केली आणि तिच्या गुडघ्याखाली सरकवली.

धूपारती झाली. धुपाने मंडप असा भरला, की समोरचे दिवे नुसते पिवळे गोळे दिसत होते. मग थोड्या वेळाने फुलांनी सजवलेली पालखी निघाली. चोपदाराची ललकारी, मागे पुजारी, त्यांच्यामागे सगळे. पालखी चालते, थांबते. थांबली की पद. पद संपलं की पुन्हा दोन पावलं. कुणालाही घाई नाही. ढोलताशे नाहीत. टाळ, माणसांचे गळे आणि पायऱ्यांवर लागणारं पाणी. करुणात्रिपदी, दत्ताला आळवणारं पद, सुरू झालं तेव्हा आई उठून उभी राहिली, माझा हात न धरता. डोळे मिटून सगळी कडवी म्हणाली. एका ठिकाणी तिची चाल बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. बाबा तशी म्हणायचे. ती बदलली नाही, तशीच म्हणत राहिली.

शेजारतीला मोजून पन्नासेक माणसं उरली असतील. देवाला झोपवायचं म्हणून सगळे आवाज खाली आणतात. शेवटी तर पुटपुटल्यासारखंच. मग दार लागलं. आम्ही पायरीवर तशाच बसून राहिलो. थंडी मी म्हणत होती, पण उठवेना.

हे लिहायचं कारण एकच. धावतं दर्शन घेऊन परतणारे खूप दिसतात, मीही त्यांतलीच होते. वाडी संध्याकाळनंतर भेटते. एक रात्र काढा.

---

नवखा पुणेकर

वाचताना अंगावर काटा आला. आमच्या घरी दत्तभक्ती आहे पण वाडीला कधी जाणं झालं नाही. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. तीन प्रश्न: पायऱ्या किती आहेत? पालखीच्या वेळा काय? आणि पुण्याहून गाडी न चालवता कसं जाता येईल?

---

मिरजेची लेक

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रेल्वेने मिरज किंवा जयसिंगपूरला उतरा. जयसिंगपूर जवळ पडतं, तिथून रिक्षा, एसटी दोन्ही मिळतं. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर सगळीकडून थेट एसटी आहेत. स्टँडपासून देऊळ चालत जाण्याजोगं आहे, वाट दुकानांच्या मधून जाते.

वेळांचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा साडेसातच्या सुमारास धूपारती, त्यानंतर पालखी आणि दहाच्या आसपास शेजारती होती. उत्सवात आणि ऋतूप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून पोचल्यावर देवस्थानच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. पावसाळ्यात तर सगळंच नदीच्या मर्जीवर.

पायऱ्या रुंद आहेत, पण आहेत. वडिलांना उजेड असतानाच उतरवा. आरती संपल्यावर सगळे एकदम वर चढतात, त्या गर्दीत त्यांना उठवू नका. दहा मिनिटं बसू द्या. आणि थंडीत फरशी बर्फासारखी गार होते, घरून एक सतरंजीचा तुकडा न्या.

---

घाटावरचा

ताई, मी वाडीचाच. नोकरीसाठी गेली तीस वर्षं बाहेर आहे. तुमचं लिखाण वाचून पालखीच्या वेळेला पाय कसे आपोआप घाटाकडे वळायचे ते आठवलं. उपरणं देणारे काका कोण असतील याचा अंदाज आला, पण नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

नवीन जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती स्वामी औदुंबर गावी एक चातुर्मास राहून इथे आले आणि १२ वर्षं राहिले. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, औदुंबराची दाट झाडी आणि पलीकडच्या तीरावर अमरापूर, म्हणजे आजचं औरवाड. तिथलं अमरेश्वराचं देऊळ आणि चौसष्ट योगिनींचं स्थान गुरुचरित्रात आलेलं आहे. अमरापुरात भिक्षेला गेलेल्या स्वामींनी एका गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल उपटला आणि मुळाशी मोहरांचा हंडा निघाला, ती कथा त्याच गावची. स्वामी गाणगापूरला निघाले तेव्हा मागे राहणाऱ्यांसाठी त्यांनी इथे पादुका ठेवल्या. औदुंबरच्या विमल पादुका, वाडीच्या मनोहर पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका. निघाले तो दिवस आश्विन वद्य द्वादशी, गुरुद्वादशी. दिवाळीच्या तोंडावर वाडीत हा उत्सव असतो, कधी जमलं तर तेव्हा या. पादुकांची पूजा आलासच्या भैरंभटांकडे आली आणि पुढे त्यांच्याच वंशजांत चालू राहिली.

शिखर नाही याबद्दल ताईंनी लिहिलंय. आमच्याकडे सांगतात, की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथल्या अंगाऱ्याने परत आली, तेव्हा त्याने हे देऊळ आपल्या पद्धतीने, शिखराशिवाय बांधून दिलं आणि औरवाड, गौरवाड ही दोन गावं पूजेसाठी दिली. लहानपणी आजोबा देवळाच्या कमानीकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगायचे.

करुणात्रिपदीचं एक सांगायचं राहिलं. ती टेंबेस्वामींची, वासुदेवानंद सरस्वतींची. स्वामी माणगावचे, जन्म १८५४ चा, समाधी १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला. पण ही त्रिपदी रचली गेली वाडीत. त्यामुळे ती इतर कुठेही म्हटली तरी आम्हा वाडीकरांना तिच्यामागे कृष्णेचा घाट दिसतो.

---

सायकलवाला सांगली

सांगलीहून सायकलने महिन्यातून एकदा जातो. पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पालखीच्या प्रदक्षिणा झाल्या की दिवसभराचा शीण उतरतो. लेखातला शब्द न् शब्द खरा.

---

गोदातीर

लेख मनापासून आवडला. एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी नाशिकचा. आमच्याकडे रामकुंडावर आता गोदावरीची महाआरती होते. उंच चौथरे, एकाच पोशाखातले तरुण, मोठे दीप, ध्वनिक्षेपक. काशीच्या दशाश्वमेध घाटावरची गंगा आरती बघून ही पद्धत सगळीकडे पसरली. अनेक जुन्या मंडळींना ती रुचत नाही, "तमाशा" म्हणतात. पण माझा १९ वर्षांचा मुलगा, जो घरच्या देवाला हात जोडायला कंटाळतो, तो मित्रांना घेऊन तिथे जातो. तिथे उभं राहून गोदावरीला नमस्कार करतो. त्या निमित्ताने त्याने मला विचारलं, बाबा, नदीचा उगम बघायला ब्रह्मगिरीवर कधी जायचं? गेलो आम्ही. मग त्या आरतीला कमी कसं लेखू?

---

मिरजेची लेक

राग कशाचा? तुमच्या मुलाचं वाचून बरं वाटलं. मी काशीची गंगा आरती पाहिलीय, होडीत बसून. भव्य आहे, डोळे दिपतात. कुठलीही आरती कमी लेखायची नाही मला.

फरक मला जाणवला तो एवढाच. तिथे मी प्रेक्षक होते. वाडीत प्रेक्षकांना जागाच नाही. पालखी तुमच्या अंगावरून जाते, तुम्हाला एक पाऊल मागे सरावं लागतं, मग मागून चालावं लागतं. पद येत असेल तर म्हणावं लागतं, येत नसेल तर शेजारचा म्हणतो ते ऐकत ओठ हलवावे लागतात. आईसारखी ७२ वर्षांची बाई उठून उभी राहिली ती त्यामुळे. चौथऱ्यावरची आरती असती तर ती बसून बघत राहिली असती, असं मला वाटतं.

---

घाटावरचा

गोदातीर, तुमच्या नाशिकचं आणि आमचं नातं आहे बरं. गुरू सिंह राशीत आला की तुमचा सिंहस्थ. तिथून गुरू कन्येत गेला की पर्व गोदेवरून कृष्णेवर येतं, तेव्हा वाडीत कन्यागत. मागचं २०१६ साली झालं. श्रींची स्वारी शुक्लतीर्थावर जाते, सगळं गाव पालखीबरोबर असतं. १२ वर्षांनी येतं म्हणून माणसं आयुष्यातली कन्यागतं मोजतात. आमच्या आजीने सहा पाहिली.

---

पंचगंगाकाठ

मी इचलकरंजीचा. सगळे भक्तीबद्दल लिहिताहेत, मला पाण्याबद्दल लिहायचंय, कारण मला ते गप्प बसून बघवत नाही.

वाडीला जे पाणी तुम्ही ओंजळीत घेता, त्यात आमची पंचगंगा आहे. कोल्हापूरचं सांडपाणी, आमच्या गावच्या कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी, वाटेतल्या गावांची गटारं, सगळं घेऊन ती संगमाला येते. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर उभं राहून बघा. फेस आणि मेलेल्या माशांचा खच. शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत, बातम्या तुम्ही वाचल्या असतील. माझे वडील त्याच नदीत पोहायला शिकले. मी मुलाला तिच्यात उतरू देत नाही.

संध्याकाळी घाटावर दिवे सोडतात. पानाच्या द्रोणात, तुपाची वात, दोन फुलं, ठीक आहे. पण आता थर्माकोलच्या वाट्या, चकचकीत कागदाचे द्रोण, प्लास्टिकची फुलं आलीत. सकाळी ते सगळं कडेच्या दगडांना चिकटलेलं असतं. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात टाकणारे मी स्वतः पाहिलेत. एकदा एका बाईंना हात जोडून थांबवलं, तर म्हणाल्या, देवाचं आहे, कचऱ्यात कसं टाकू? त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण नदी पण देवच आहे ना हो?

हात जोडून सांगतो, दिवा सोडायचाच असेल तर पानाच्या द्रोणातला घ्या. नाहीतर पायरीवर लावा. पायरीवरचा दिवा कृष्णेला दिसतो.

---

बेळगावकरीण

पंचगंगाकाठ, तुमचं एकेक वाक्य पटलं. आमच्या घरी आता दिवा पायरीवरच लावायचा असं ठरवून टाकलं.

बेळगावाहून आम्ही दरवर्षी येतो. वाडीला कानडी माणसं किती येतात हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना मराठी नीट येत नाही, पण करुणात्रिपदी पूर्ण येते. अर्थ विचारला तर म्हणतात, "तोंडाला माहीत आहे." पालखीमागे उभं राहिलं की एका बाजूने मराठी, एका बाजूने कानडी कुजबुज, आणि पद सुरू झालं की सगळ्यांचा एकच सूर.

एक वाईट अनुभवही सांगते, सावधगिरीसाठी. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका खाजगी लॉजवर उतरलो. फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली होती, पोचल्यावर दुसऱ्या मजल्यावरची दिली, जिन्यात दिवा नाही, न्हाणीघरात पाणी तुंबलेलं. सासूबाईंना रात्री शेजारतीनंतर तो जिना चढवताना आम्हा दोघांच्या नाकीनऊ आले. तेव्हापासून वयस्कर माणूस बरोबर असलं की दिवसा जाऊन खोली डोळ्यांनी बघूनच पैसे देतो.

दुसरं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. माझे दीर पाय धुवायला उतरले आणि घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेले. शेजारच्या दोघांनी दंड धरून वर ओढलं. पाण्याखाली पायरी कुठे संपते ते कळत नाही. अंधारात खाली उतरू नका. पाणी हवं असेल तर तांब्याने घ्या.

---

घाटावरचा

ताई, शेवाळाचं अगदी बरोबर. आम्ही घाटावरची पोरंसुद्धा तिन्हीसांजेनंतर खालच्या पायऱ्यांना जात नसू. आई ओरडायची.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्याचं लिहितो, कारण खूप जण जुलै-ऑगस्टात येतात आणि देऊळ पाण्यात बघून हिरमुसतात. वाडीचा पावसाळा वेगळा आहे. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, वारणेचं सांगलीजवळ हरिपूरला, आणि इकडून राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून पंचगंगेत. ही सगळी पाणी एकमेकांना भेटतात ती आमच्या दारात. मग पाणी पायरी पायरी चढतं. आम्ही पोरं शाळेतून येताना मोजायचो, आज किती पायऱ्या गेल्या, किती राहिल्या. मोठी माणसं एकमेकांना "काय बातमी?" विचारत नसत, "पाणी कुठवर?" विचारत.

चढत चढत पाणी देवळाच्या उत्तरेच्या दारातून आत येतं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. दक्षिणेच्या दारात त्या पाण्यात स्नान करायला मध्यरात्रीसुद्धा माणसं धावत येतात. पाणी चढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. तुम्ही देवाला स्नान घालायचं सोडून नदीच येऊन घालते. पाणी आणखी वाढलं की देऊळ बुडतं. त्याआधी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि नित्यक्रम तिथे चालतो. आरती थांबत नाही, जागा बदलते. २००५, २०१९ आणि २०२१ ला तर गावच पाण्यात होतं, माणसं छावण्यांत होती. २०१९ ला माझ्या भावाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर तो आधी घरी गेला नाही. घाटावर गेला, गुडघाभर गाळात उभा राहून देवळाकडे हात जोडले, मग घराचं कुलूप उघडलं.

---

वाईची सून

आमच्याकडून निघालेलं पाणीच तुमच्या दक्षिणद्वारातून जातं, हे आज पहिल्यांदा मनात आलं. वाईला कृष्णाबाईचा उत्सव असतो, घाटाघाटांवर एकेक करून. तिथे तर नदीच देवी, तिलाच साडीचोळी, तिचीच आरती. पुढच्या उत्सवात ओटी भरताना वाडीचं नाव घेईन.

---

मिरजेची लेक

घाटावरचा, तुमचं "पाणी कुठवर" वाचलं आणि मी उठून कपाट उघडलं.

बाबांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या आईने जपून ठेवल्यात. प्रत्येक पौर्णिमेला एक ओळ. आधी एसटीचं भाडं, मग एक आकडा. "पा. ९." "पा. १४." "पा. ११." बाबांच्या हातचे निळ्या शाईतले बारीक आकडे. आम्हाला वाटायचं पा. म्हणजे पावली, काहीतरी दक्षिणेचा हिशोब. आईलाही तेच वाटायचं. आज तुमचं वाचून कळलं, की ते पायऱ्या मोजत होते. उघड्या राहिलेल्या की बुडालेल्या, ते नक्की सांगता येत नाही, पण पावसाळ्यात आकडे लहान होत गेलेत आणि उन्हाळ्यात मोठे, म्हणजे उघड्याच असणार. काही ठिकाणी आकड्याऐवजी "वरूनच" एवढाच शब्द आहे. २०१९ च्या श्रावण पौर्णिमेला लिहिलंय, "वाट बंद. घरूनच."

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा मागितला आणि तीन डायऱ्या पहिल्या पानापासून वाचत बसली. अजून वाचतेय.

---

घाटावरचा

उघड्याच. आम्हीही उघड्याच मोजायचो. तुमच्या वडिलांना कुणा वाडीकरानेच शिकवलं असणार. ताई, त्या डायऱ्या टाकू नका. गावाकडेही असा हिशोब कुणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

---

पंचगंगाकाठ

खरंच जपा. नदीची ही नोंद आहे.

---

नवखा पुणेकर

जाऊन आलो. सगळ्यांचे सल्ले उपयोगी पडले, म्हणून सविस्तर लिहितोय.

जयसिंगपूरला उतरलो, रिक्षा केली. खोली आधी बघितली, मग पैसे दिले. वडिलांना पाचला घाटावर उतरवलं. सतरंजीचा तुकडा नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. बुधवार होता, गर्दी बेताची. दुपारी होडीने पलीकडे जाऊन अमरेश्वराचं दर्शन मी एकट्यानेच घेतलं. दुसऱ्या दिवशी खिद्रापूरला कोपेश्वर बघितला, स्वर्गमंडपाच्या उघड्या गोल छताखाली वडील बराच वेळ वर बघत उभे होते. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि भाकरी. हिरवट पांढरी, बिया नसल्यासारखी वांगी. बासुंदी जेवणानंतर घ्या, आधी घेतली तर जेवण जात नाही. आणि शेजारतीला थांबायचं तर जेवण पालखीच्या आधी हलकं करा. नंतर दुकानं लवकर मिटतात.

वडिलांचं सांगायचं तर त्यांना ऐकू कमी येतं. पालखीची पदं त्यांना ऐकू येतील का ही मला धास्ती होती. पहिल्या थांब्याला ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, म्हणजे येत नाहीये. मग एका पुजाऱ्यांनी ते पाहिलं. पालखी पुढच्या वेळी आमच्याजवळ आली तेव्हा त्यांनी वडिलांचा हात धरून पालखीच्या दांड्याला लावला. पद संपेपर्यंत तो हात तिथेच होता. सगळे जे पद म्हणत होते, त्याची थरथर दांड्यातून येते म्हणे. वडील म्हणाले, आलं ऐकू.

दिवा पायरीवर लावला. पानाचा द्रोण होता, तरी पायरीवरच.

सकाळी निघण्याआधी मी खाली जाऊन मोजलं. मिरजेच्या ताई, तुमच्या बाबांच्या डायरीत पुढची ओळ लिहायची असेल तर लिहा: पा. २३.

---

मिरजेची लेक

आईने लिहिली. तुमचं भाडं किती झालं ते विचारतेय. ते आधी लिहायचं असतं, म्हणते.